सांगली जिल्ह्याचा आपला विकी : पुराची पानं, पेवं, गल्ल्या... लिहायला माणसं हवीत

कृष्णाकाठी

नमस्कार मंडळी,

सांगली-मिरज आणि जिल्ह्यातल्या गावांची माहिती आपली आपण लिहावी म्हणून सुरू केलेल्या विकीवर (कोणालाही लिहिता-सुधारता येईल अशा संकेतस्थळावर) आता बऱ्यापैकी पानं झालीत. पण 'अलीकडील बदल' उघडून बघा, फिरून फिरून तीच चार-पाच नावं दिसतात. त्यामुळे त्यांना जे माहीत तेवढंच लिहिलं गेलंय. गणपती मंदिर, कृष्णेवरचा आयर्विन पूल, विलिंग्डन कॉलेज ही पानं भरलेली आहेत. खणभाग, संजयनगर, कुपवाड इथे नुसती शीर्षकं आहेत. जत आणि आटपाडीकडे तर कोणी फिरकलेलंच नाही.

मला सगळ्यात निकडीची मदत हवी आहे ती पुराच्या पानांसाठी. आयर्विनला पाणी किती फूट झालं की आपल्या गल्लीच्या तोंडाशी येतं, हे गावभागातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. सरकारी सूचना पुलाच्या पातळीवर येते : ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. त्या आकड्याला आपल्या दारात काय होतं, हे एका ठिकाणी कुठेच लिहिलेलं नाही. २०१९ ला कितीतरी घरं '२००५ ला इथवर आलं नव्हतं' या भरवशावर थांबली होती. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ज्यांनी २००५ बघितलं होतं त्यांचा अंदाज चुकला, मग गेल्या वर्षी भाड्याने राहायला आलेल्या कुटुंबाने काय करायचं? त्यांना शेजाऱ्यांशिवाय विचारायला कोणी नसतं, आणि शेजारीही नवे असतील तर तेही नाही.

म्हणून विनंती आहे. तुमची गल्ली, तुमचा चौक, तुमचं गाव घ्या. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ.

वखारभाग

मी आहे. वखार भागाचं पान माझ्याकडे द्या. आमच्याकडे पाणी नदीकडून समोरून येतं असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात आधी नाले उलटे वाहायला लागतात, गटारांची झाकणं उचलली जातात आणि मग रस्त्यावर पाणी दिसतं. 'पाणी कुठून येतं' हा रकाना प्रत्येक पानावर असलाच पाहिजे. फूट नंतर.

पुण्यात सांगलीकर

कल्पना चांगली आहे, पण एक शंका. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. सगळं जग तो वाचतं. मग हा वेगळा संसार कशासाठी? तिथेच लिहिलं तर मेहनत वाया जाणार नाही असं मला वाटतं.

वालचंदवाला

दादा, मी दोन्हीकडे लिहितो म्हणून सांगतो. विकिपीडियाला दोन गोष्टी लागतात : विषयाची उल्लेखनीयता आणि छापून आलेला संदर्भ. स्वतः शोधून काढलेली, अजून कुठेही प्रसिद्ध न झालेली माहिती तिथे चालत नाही. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. जगभरचा वाचक आहे, कोणीही उठून काहीही लिहील, तर पडताळणार कसं? आयर्विन पूल तिथे बसतो. १९२९ चा पूल आहे, त्यावर भरपूर छापून आलंय. पण 'कर्नाळ रोडच्या अमुक वळणावर आधी पाणी येतं, त्यामुळे दुचाकी तमुक बाजूने काढा' हे तिथे लिहिलं तर संध्याकाळपर्यंत निघून जाईल.

स्थानिक विकीची पद्धत निराळी आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस नावाच्या गावात २००४ साली विद्यार्थ्यांनी असा विकी सुरू केला. गावातली झाडं, दुकानं, बसचे थांबे, विद्यापीठातले किस्से, सगळं त्यात होतं. गावाला जे कामाचं ते पान, एवढाच निकष. पुढे त्याच धर्तीवर इतर गावांचेही विकी झाले.

आणि मेहनत वाया जात नाही. आपला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या त्याच परवान्याखाली आहे, जो विकिपीडियाला चालतो. संदर्भ असलेला भाग श्रेय देऊन इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेता येतो. मी आयर्विनच्या पानाचं तसंच केलंय.

पुण्यात सांगलीकर

समजलं. माझा आक्षेप मागे. आमराईचं पान मी घेतो, बालपण तिथे गेलंय.

अण्णा विश्रामबाग

मी या विकीवर थोडं लिहिलं होतं आणि आता लिहीत नाही. कारण सांगतो.

हळदीच्या हंगामात गणपती पेठेत बैलगाड्यांची रांग कुठून कुठवर लागायची, हमाल कुठे जेवायचे, पाण्याची टाकी कुठे होती, असं मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'संदर्भ हवा' असा शिक्का. मी डोळ्यांनी बघितलंय. वडिलांचं दुकान होतं तिथे. आता या वयात मी कोणता संदर्भ आणू? त्या काळी बैलगाड्यांची रांग मोजायला वर्तमानपत्राचा माणूस येत नव्हता.

ज्याने शिक्का मारला तो मुलगा हुशार असेल. पण आधी चर्चा पानावर एक शब्द विचारला असता तर मी आनंदाने सांगितलं असतं.

कृष्णाकाठी

अण्णा, तुमचं म्हणणं सगळं पटतं. विशेषतः शेवटचं. शिक्का मारण्याआधी विचारायचं, हे आता नवीन लिहिणाऱ्यांसाठीच्या पानावर पहिल्याच ओळीत टाकलंय.

संदर्भाबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे, ते सविस्तर मांडते. तुम्ही बघितलंय यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण पान तीस वर्षांनी वाचणाऱ्याला तुम्ही माहीत नसणार. 'रांग मारुती चौकापर्यंत लागत असे' एवढंच वाक्य त्याच्या हाती लागलं तर ते ऐकीव आहे, बघितलेलं आहे, की कुठल्या पुस्तकातून उचललंय, हे त्याला कळायला मार्ग नाही. तेच वाक्य असं लिहिलं : 'गणपती पेठेत दुकान असलेल्या कुटुंबातील एका ज्येष्ठ रहिवाशाच्या आठवणीनुसार, १९६० च्या दशकात...' तर ते वाक्य भक्कम झालं. कोणी पाहिलं, कोणत्या काळात, कुठे उभं राहून, हे सगळं आलं. नाव घालायची गरज नाही, आणि घालूही नये. चर्चा पानावर फक्त 'नोंद अमुक सदस्याने, अमुक महिन्यात, समोर बसून ऐकून घेतली' असं टिपायचं.

आठवण हा आपल्या विकीवर संदर्भ आहे. तिला आठवण म्हणून लिहायचं, इतकंच. उद्या दुसरे एखादे काका म्हणाले की रांग टिळक चौकापर्यंत जायची, तर आपण तुमचं खोडणार नाही. दोन्ही आठवणी एकाखाली एक राहतील.

तुम्ही परत लिहायला या, अण्णा. टायपिंगचा त्रास होत असेल तर मी येऊन लिहून घेते.

अण्णा विश्रामबाग

हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. असं लिहायला माझी काही हरकत नाही. टायपिंगचा प्रश्न नाही, नातीने फोनवर बोलून लिहायचं शिकवलंय. जोडाक्षरं चुकतात, ती तुम्ही सुधारा.

हरिपूरकर

अण्णांनी हळदीचा विषय काढलाच आहे तर मी पेवांबद्दल बोलतो. विकीवर 'हळद बाजार' हे पान आहे. त्यात २०१८ चं भौगोलिक मानांकन आहे, मार्केट यार्ड आहे, वायदे बाजार आहे. पेवांबद्दल एकच वाक्य : 'पूर्वी हळद जमिनीखालील पेवांत साठवत.' एवढंच. आणि सांगलीची हळद ज्यामुळे टिकायची ते पेवच.

आमच्या घरची होती म्हणून सांगतो. वरून बघितलं तर माणूस जेमतेम उतरेल एवढं गोल तोंड. आत उतरलं की पोट मोठं होत जातं, दोन-तीन पुरुष खोल. बांधकाम काही नाही, नुसती खणलेली माती. इथली मातीच अशी की पाणी झिरपत नाही. तळाला आणि कडेला पाचटाचा जाड थर द्यायचा, मग हळद ओतायची. तोंडावर फरशी, वर माती. भरलं की वर्षानुवर्षं बघायला नको, कीड लागत नाही, कारण आत प्राणवायूच उरत नाही.

आणि धोकाही त्यातच. माल काढायचा असला की तोंड उघडून पेव बराच वेळ तसंच सोडायचं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर अजून कोणी उतरायचं नाही. तेवत राहिला की मगच माणूस आत. माझे चुलते तोंडाशी उभे राहून आतल्या माणसाशी सतत बोलत असायचे. गप्पा म्हणून नाही, आवाज येतोय ना हे बघायला. आवाज जड झाला की लगेच वर ओढायचं.

२००५ च्या पुरात हरिपूर आणि सांगलीवाडीकडची पेवं पाण्याखाली गेली, आणि त्यानंतर हा साठा मोडत गेला. आता गोदामं आणि शीतगृहं. पेव भरणारी, उतरणारी माणसं सत्तरीच्या पुढे आहेत. हे लिहायचं तर आत्ताच.

मला विकीचं तंत्र येत नाही. वरचा मजकूर असाच टाकला तर चालेल का?

वालचंदवाला

काका, असाच टाका. एक अक्षर बदलू नका. 'पेव' नावाचं वेगळं पान मी उघडतो आणि 'हळद बाजार'मधून त्याला दुवा देतो. 'आमच्या घरची पद्धत' असं उपशीर्षक ठेवू, म्हणजे सांगलीवाडीच्या कोणाची पद्धत वेगळी असेल तर ती खाली येईल.

दोन गोष्टी जोडता आल्या तर बघा. एखादं पेव अजून शाबूत असेल तर त्याच्या तोंडाचा फोटो, शेजारी टेप धरून. आणि कामातले शब्द : उतरणाऱ्याला काय म्हणायचे, झाकणाला काय, भरताना माप कोणतं. ते शब्द पुस्तकात सापडत नाहीत.

बेदाणा तासगाव

पुराच्या मुख्य पानावर 'कारणे' या भागात गेल्या आठवड्यापासून जे चाललंय ते थांबवा कोणीतरी. एक जण लिहितो 'अलमट्टीमुळे पूर आला', दुसरा ते काढून लिहितो 'अलमट्टीचा काही संबंध नाही'. इतिहास पान उघडलं तर हेच वर-खाली. माझं स्वतःचं मत पक्कं आहे, पण विकी ही मत मांडायची जागा नव्हे.

कृष्णाकाठी

बरोबर. ते पान मी जरा वेगळ्या पद्धतीने मांडून बघितलंय, आणि हीच पद्धत इतर वादग्रस्त पानांनाही वापरावी असं मला वाटतं.

आधी ज्यावर वाद नाही ते. कोयना धरण १०५ टीएमसीचं (अब्ज घनफूट) आहे, त्याचं पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि मग सांगलीकडे येतं. वारणा सांगलीच्या खाली हरिपूरला मिळते, पंचगंगा त्याखाली नृसिंहवाडीला. खालच्या नद्या तुडुंब असल्या की वरचं पाणी लवकर उतरत नाही, फुगवटा येतो. अलमट्टी कर्नाटकात आहे, त्याची पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६० मीटर. नदीकाठची बांधकामं, नाल्यांवरची अतिक्रमणं यांच्या जागा नकाशावर दाखवता येतात. २०१९ नंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल २०२० मध्ये आला. इथवर कोणालाच आक्षेप नसावा.

मग वादाचा भाग, पण प्रत्येक वाक्याला धनी असला पाहिजे. 'समितीने असं म्हटलं', 'कृती समित्यांचा दावा असा', 'कर्नाटक सरकारची भूमिका अशी'. आपलं वाक्य, म्हणजे विकीचं वाक्य, एकही नको. वाचणारा शहाणा आहे, त्याला पुढ्यात सगळं ठेवा. दोघांनाही मी चर्चा पानावर बोलावलंय. त्यातले एक आले, सविस्तर बोलले, आणि त्यांच्याकडे त्या दिवसांतले विसर्गाचे रोजचे आकडे तारखेनिशी आहेत. आपल्या पानावर ते नव्हते. वाद झाला नसता तर ते आकडे आपल्यापर्यंत आले नसते.

वखारभाग

पूररेषा मोजण्याबद्दल लिहितो, कारण काही जणांनी 'आमच्याकडे छातीएवढं पाणी होतं' असं टाकलंय. कोणाच्या छातीएवढं?

भिंतीवर बघा. बऱ्याच घरांत २०१९ ची रेषा अजून दिसते. खालचा रंग मळकट, वरचा जुना, मध्ये सरळ पट्टा. काहींनी तारखेसह खूण करून ठेवली आहे. त्या रेषेपासून खाली टेप लावायची, पण रस्त्यापर्यंत नाही. जोत्यापर्यंत, म्हणजे घर ज्या चौथऱ्यावर उभं आहे त्याच्या वरच्या कडेपर्यंत. रस्ता दर काही वर्षांनी डांबराच्या थराने उंच होत जातो. २००५ ला घराला तीन पायऱ्या होत्या, आता एक उरलीय, अशी आमच्या बोळात कितीतरी घरं आहेत. रस्त्यापासून मोजलं तर २००५ चा पूर दरवर्षी थोडा थोडा लहान होत जाईल. जोतं हलत नाही. घडीव दगडाचं असेल तर उत्तमच.

फोटो काढताना टेपचा आकडा, रेषा आणि दाराची चौकट तिन्ही एका फोटोत आली पाहिजेत. घरमालकाला विचारूनच. पानावर घराचा नंबर किंवा नाव लिहायचं नाही, 'बोळाच्या तोंडापासून तिसरं-चौथं घर' एवढं पुरे.

वालचंदवाला

याला जोडून एक अत्यंत महत्त्वाचं. पातळी लिहिताना फूट आणि इंच वेगवेगळे लिहा. बातम्यांत दशांश चिन्ह टाकून लिहितात आणि त्यातून गोंधळ होतो. '५४.१०' म्हणजे ५४ फूट १० इंच असू शकतं. संगणकाला ते ५४.१ फूट वाटतं, म्हणजे ५४ फूट आणि जेमतेम सव्वा इंच. एका घराच्या उंबऱ्याचा फरक आहे हा. मी तक्त्याचा साचा केलाय, त्यात फुटांचा रकाना वेगळा आणि इंचांचा वेगळा. बातमीत दशांश असेल आणि नक्की कळत नसेल तर जसं छापलंय तसं अवतरणात ठेवा, अंदाज करू नका.

वेळही टाका. पुलावर अमुक पातळी सकाळी होती आणि तुमच्या गल्लीत पाणी दुपारी आलं, तर मधला वेळ हाच सगळ्यात कामाचा आकडा आहे. सामान वर चढवायला आणि म्हाताऱ्या माणसांना हलवायला मिळणारा वेळ तो.

मगरमच्छ कॉलनीतून

आमच्याकडे पाणी पहिलं येतं आणि बातमी शेवटी. हा तक्ता होतोय हे फार चांगलं आहे. माझ्या आईने प्रत्येक पुराची वही ठेवली आहे. तारीख, वेळ, कोणत्या पायरीला पाणी, कधी बाहेर पडलो, कधी परत आलो. ती देते म्हणाली.

कृष्णाकाठी

काकूंना माझा नमस्कार सांगा. वही कृपा करून कोणाच्या हातात देऊ नका, घरीच पानापानाचे फोटो काढा. आधी काकूंना विचारा, कोणता मजकूर घरचा आणि कोणता सगळ्यांसाठी. फक्त पाण्याच्या नोंदी आपण उतरवून घेऊ.

पलूसच्या बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सातवीच्या मुलांकडून गावाची पानं लिहून घ्यावी असं मनात आहे. आमच्या भागात सांगण्यासारखं फार आहे. कुंडल म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं गाव, १९४३ ची शेणोलीची रेल्वे लूट, तिकडे शिराळा तालुक्यात बिळाशीचा १९३० चा जंगल सत्याग्रह. मुलांच्या पणजोबांनी त्या काळात भाकऱ्या पोचवल्या, निरोप पोचवले. कोणत्याच पुस्तकात त्यांची नावं नाहीत. पण मुलांनी लिहायचं म्हणजे काय काळजी घ्यावी?

कृष्णाकाठी

बाई, मुलांची खाती उघडू नका. शाळेच्या नावाने एक खातं, तेही तुमच्याच हातात. मुलांची नावं, फोटो पानावर नकोत. मुलांनी वहीत लिहावं, तुम्ही वाचून टाकावं. धूळपाटीवर आधी मांडून बघा, तिथे काहीही चुकलं तरी कोणाचं बिघडत नाही.

पणजोबांबद्दल : दिवंगत व्यक्ती आहेत आणि घरच्यांची संमती आहे तर नाव घाला. 'कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार' हे शब्द मात्र हवेतच. गावागावांत कोण चळवळीत होतं आणि कोणी खबर दिली यावरून अजून मनं दुखावलेली आहेत. खबर दिल्याचे आरोप नावानिशी लिहायचे नाहीत. याला अपवाद नको.

पलूसच्या बाई

पटलं. मुलांनाही तसंच सांगेन.

दूरदेशी सांगलीकर

मी भारताबाहेर असतो, गल्ल्या मोजू शकत नाही. पण जुनी कागदपत्रं शोधणं, टायपिंग हे रात्री बसून करू शकतो. शोधणाऱ्यांना दोन खुणा सांगतो.

एक, आपला जिल्हा १९४९ ला झाला तेव्हा त्याचं नाव 'दक्षिण सातारा' होतं. सांगली हे नाव १९६० चं. त्या अकरा वर्षांतली सरकारी प्रकाशनं 'सांगली' म्हणून शोधली तर हाती काही लागणार नाही.

दोन, इंग्रजी अमदानीतली गॅझेटियरं. तासगाव, खानापूर, वाळवा ही तेव्हा सातारा जिल्ह्यात, म्हणून ती १८८५ च्या सातारा खंडात आहेत. सांगली आणि मिरज पटवर्धनांची संस्थानं, म्हणून ती १८८६ च्या कोल्हापूर आणि दक्षिण मराठा संस्थानांच्या खंडात. दोन्ही खंडांवरचा हक्क कधीच संपलाय, मजकूर खुशाल वापरा. पण ते साहेबाच्या नजरेने लिहिलेलं आहे, विशेषतः जातींबद्दलचं. तसंच्या तसं भाषांतर करून पानावर ठेवू नका. बाजाराचे, रस्त्यांचे, पावसाचे तपशील घ्या, आणि '१८८५ च्या नोंदीनुसार' असं म्हणा.

मिरजेची नात

गणेशोत्सव मंडळांच्या, शाळांच्या जुन्या स्मरणिका आमच्याकडे पेटीभर आहेत. त्या स्कॅन करून टाकल्या तर? काही तर थेट संगणकावरच्या फाइली आहेत, पण उघडल्या की अगम्य चिन्हं दिसतात.

दूरदेशी सांगलीकर

चिन्हं दिसतात कारण त्या श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. अक्षरं युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. मला पाठवा, मी करतो. बदलल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात, त्यामुळे कोणीतरी मूळ छापील प्रत समोर ठेवून वाचायला हवं.

हक्कांचं मात्र जपून. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. स्मरणिकेतल्या प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा असतो, त्यामुळे मंडळाने 'हो' म्हटलं तरी लेखकाची किंवा वारसांची परवानगी लेखी घ्या. वर्तमानपत्राची कात्रणंही अशीच. कात्रणाचा फोटो टाकायचा नाही, पण त्यातली माहिती आपल्या शब्दांत, तारीख आणि पान क्रमांकासह, नक्की लिहायची. माहितीवर कोणाचा हक्क नसतो, मांडणीवर असतो.

आणि रस्त्यावर, चौकात कायमस्वरूपी उभे असलेले पुतळे, इमारती यांचे फोटो काढून टाकायला आपला कायदा परवानगी देतो. फ्लेक्सवरच्या चित्रांचे मात्र नको.

मिरजेची नात

धन्यवाद. आणखी एक. मिरजेच्या सतारमेकर गल्लीचं पान मी वाढवतेय. सतार बनवायला सुरुवात करणाऱ्या फरीदसाहेबांपासूनचा इतिहास, शिकलगार घराणी हत्यारांकडून वाद्यांकडे कशी वळली, २०२४ ला सतार आणि तानपुऱ्याला मिळालेलं मानांकन, हे छापील संदर्भांसह झालं. कारागिरांशी बोलायला गेले तर भोपळा वाळवण्यापासून दांडी जोडण्यापर्यंत सगळं त्यांनी दाखवलं. जवारी काढायची (तारेला गुंजणारा सूर यावा म्हणून घोडी घासायची) वेळ आली तेव्हा एकांनी हसून सांगितलं, एवढं घरातलं राहू दे. घोडीचा माथा घासताना हात कसा फिरवतात, किती फिरवतात, यावरच प्रत्येकाचा सूर ओळखू येतो. मी बघितलं, पण लिहिलं नाही. बरोबर केलं ना?

हरिपूरकर

अगदी बरोबर. त्यांचं पोट आहे त्यावर.

अण्णा विश्रामबाग

पान वाचलं, मुली. फार सुंदर झालंय. एक सुचवतो. 'सुप्रसिद्ध', 'जगविख्यात', 'अप्रतिम' हे शब्द काढून टाक. भोपळ्याचं वर्णन केलंस तेच पुरेसं आहे. तीच गोष्ट पुढाऱ्यांच्या पानांची. 'कार्यसम्राट' आणि 'लाडके' यांनी ती पानं भरलीत. कोणत्या साली निवडून आले, कोणतं काम केलं, एवढं राहू द्या.

मिरजेची नात

काढले, आजोबा. खरंच, वाक्यं मोकळी झाली.

बेदाणा तासगाव

हा विकी ज्या सर्व्हरवर आहे त्याचे पैसे कोण भरतं? उद्या ते थांबले तर सगळं जाईल का? अशी चांगली चाललेली मराठी संकेतस्थळं बंद पडताना मी बघितली आहेत, लोकांचं वर्षानुवर्षांचं लिखाण गेलं.

वालचंदवाला

हा प्रश्न विचारलात ते बरं केलं. सध्या काही सदस्य मिळून वर्षाचा खर्च भरतात, हिशेब विकीवरच आहे. पण माणसांवर भिस्त ठेवून चालणार नाही. म्हणून सगळ्या पानांची, त्यांच्या इतिहासासकट, एक फाइल नियमित निघते आणि ती कोणालाही उतरवून घेता येते. ती फाइल असली की मीडियाविकी हे मोफत सॉफ्टवेअर दुसऱ्या कुठल्याही सर्व्हरवर बसवून विकी पुन्हा उभा करता येतो. परवाना खुला असल्यामुळे कोणाची परवानगीही लागत नाही. फोटोंची फाइल वेगळी आणि मोठी आहे, तिच्या प्रती जास्त ठिकाणी हव्यात. सांगलीबाहेर राहणाऱ्यांनी जरूर घ्या. सगळ्या प्रती कृष्णेच्या काठावरच नकोत.

नकाशासाठी आपण ओपनस्ट्रीटमॅप वापरतोय, तोही खुला. गुगल मॅप्सवरून गल्ल्यांची नावं बघून तिथे टाकू नका, परवान्यात बसत नाही. गल्लीत जाऊन पाटी वाचा किंवा तिथल्या माणसाला विचारा.

दूरदेशी सांगलीकर

दोन्ही फाइली मी घेतो. दर महिन्याला.

खणभागातून

पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या शेजारचं जुनं घर येत्या सोमवारपासून पाडणार आहेत. त्याच्या आतल्या भिंतीवर २००५ ची आणि २०१९ ची अशा दोन्ही पुरांच्या खुणा आहेत, तारीख घालून कोरलेल्या. मालक सोडून गेलेत, त्यांचा मुलगा इथेच असतो, त्याची हरकत नाही. कोणी मोजायला येऊ शकेल का? मला ते जोत्याचं नीटसं कळलं नाही.

वखारभाग

मी येतो. उद्या सकाळी साडेसातला चालेल? टेप आणि पाणसळ (समपातळी बघायचं साधन) माझ्याकडे आहे. घराचं जोतं शेजारच्या तुमच्या जोत्याशी ताडून ठेवू, म्हणजे ते घर पाडल्यावरही माप तुमच्या घरावरून काढता येईल. आतून लाईट गेली असेल तर एक बॅटरी तेवढी ठेवा. पत्ता इथे लिहू नका, निरोपातून पाठवा.

खणभागातून

पाठवलाय. मुलालाही थांबायला सांगतो.